कांडी

माग किलोवर गेला.
टेम्पोवाल्यानं लोखंड तोललं, चिठ्ठी दिली,
आणि साखर पेठेतलं आमचं घर एका सकाळीत मुकं झालं.
कांडी तेव्हाच माळ्यावर चढून बसली.
रिकाम्या कांड्यांच्या खोक्यात जन्मली, म्हणून कांडी.

रत्नव्वा म्हणाली, पोत्यात घाल,
चौकात सात गिरक्या दे, वाट विसरती.
मी म्हटलं, तुला पोत्यात घालून फिरवलं
तर तू काय काय विसरशील गं?
मी टोपली घेतली, झाकणाला सुतळी बांधली.
आत ह्यांची एक चादर,
किनारीत चूक राहिलेली म्हणून न विकलेली,
आणि मुद्दाम न धुतलेली.
रिक्षात सात रस्त्यापर्यंत ती ओरडली.
पुढं ओरडली नाही.
ते जास्त वाईट होतं.

जुळे सोलापूर, दुसरा मजला.
तिला सगळं घर मी दाखवलं नाही.
एवढं नवं एकदम कुणालाच दाखवू नये.
फक्त आतली खोली. दार ओढलेलं.
एका कोपऱ्यात पाणी, लांबच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं,
खिडकीला तारेची जाळी, लोंबकळून पाहिलेली.
पलंगाखाली हात घातला नाही.
सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसले,
तिच्याकडं न बघता.
तीन दिवस नुसते दोन हिरवे ठिपके.
चौथ्या रात्री ताटली चाटल्याचा आवाज आला.
मी अंधारात हसले. ह्यांना उठवलं नाही.

हे जागेच होते.
चाळीस वर्षं खटक-खटक अंगावर घेऊन झोपलेला माणूस,
त्याला इथली शांतता
उशीखालच्या खड्यासारखी टोचत होती.
हे काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही. माझं लक्ष मांजरावर.

दार मी जपत होते तिच्यासाठी,
आणि बाराव्या दिवशी दारातून गेले हे.
दूध आणतो म्हणाले.
दिवेलागणीला रत्नव्वाचा फोन,
भूमय्यादादा आमच्या कट्ट्यावर बसलेत,
तुमच्या कुलपाकडं बघत.

मी गेले. शेजारी टेकले.
पिशवीतलं दूध केव्हाच फाटलं होतं, एप्रिल होता.
"रिक्षा थांबलीय," एवढंच म्हटलं.
घरी जुनंच ताट, जुनीच वाटी,
शेंगाचटणी जरा जास्त.
अंथरूण आतल्या खोलीत घातलं,
त्या चुकलेल्या चादरीचं एक टोक कांडीकडं, एक ह्यांच्या पायांवर.

पाणी इथंही पाचव्या दिवशी येतं, तेवढं एक ओळखीचं.
रात्री दोनला नळ सुटले, बादल्या वाजल्या,
आणि शेजारच्या बिराजदारबाईंनी कपड्यांचं मशीन लावलं.
जुनं धूड आहे, एका पायानं लंगडं.
कपडे पिळायला लागलं की अख्खी भिंत
खटक-खटक, खटक-खटक.

पलंगाखालून आधी मिशा आल्या.
मग पोट जमिनीला घासत सगळी कांडी.
भिंतीपाशी गेली, कूस टेकवून आडवी झाली.
"रावे," हे पुटपुटले, "रावे, कांडी,"
आणि तिच्या वर, भिंतीवरच, आपला तळवा ठेवला.
डोळे मिटून ऐकलं.
"बेअरिंग गेलंय," म्हणाले.
बारा दिवसांतलं पहिलं पुरं वाक्य.

दोघं तिथंच झोपले. मी पाणी भरत राहिले.

सकाळी बिराजदारबाई आल्या ओशाळून,
फार आवाज होतो का हो रात्री?
मी काही बोलायच्या आत हे उठले,
पाना कुठंय, दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता करून देतो.

पाना मी ज्वारीच्या पिठात पुरला.

हे शोधतायत. कपाटामागं, मोरीत, ओट्याखाली,
आतल्या खोलीचं दार सताड उघडं टाकून,
आणि मागोमाग कांडी, शेपूट ताठ,
पहिल्यांदाच सगळं घर हुंगत.