वरची मूठ

वसमत रोडच्या नव्या मार्टमध्ये गेल्या महिन्यात
मी बिस्किटांच्या रॅकपुढे उभी राहिले
इतका वेळ, की गार्डनं दोनदा विचारलं,
मॅडम, काही हरवलं का.
पुड्यामागची बारीक अक्षरं
मी पोथीसारखी वाचत होते
आणि अध्याय संपत नव्हता.
शेवटी फिनेलची बाटली घेऊन बाहेर पडले.
तिच्यामागेही लिहिलेलं असेल काहीतरी,
पण ते माझ्यासाठी नव्हतं.

कौसर मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी दुकान लहान निवडा.
बोलताना त्या पेनाचं टोपण काढतात, लावतात.
त्यांच्याकडच्या काट्यावर मी पाठ करून उभी राहते.
आकडा त्यांचा,
पाय माझे.

म्हणून आज मुंदडाशेठ. जिंतूर रोड, दुपारचे चार.
पोत्यांची तोंडं दुमडलेली,
शाळू, हरभरा डाळ, लाल मिरचीचा ठसका.
माझ्या मुठीत बँकेची स्लिप, तिच्या पाठीवर यादी,
शेवटची ओळ खोडून पुन्हा लिहिलेली.

"या ताई, लई दिवसानं.
आज गुरुवार नाही का? भगर काढू?"

त्यांचा काय दोष.
सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या, एकादश्या, मधले सुटे वार,
सगळे मी याच काउंटरवरून नेले.
पावशेर साबुदाणा न्यायचा,
तोही घरी डब्यात तसाच जाळी धरायचा.
गल्लीत नाव निघायचं,
बघा, नोकरी करून पोरगी किती कडक करायली.
आईनं तर बायोडाट्यात लिहिलं: स्वभाव धार्मिक.
देवाला मी किती वर्षं खोट्या साक्षीला उभं केलं.
तो काही बोलला नाही,
पण हो सुद्धा म्हणाला नाही.

"नाही शेठ. उपवास नाही."
मागची बाई तेलाचा कॅन खाली ठेवून बघायली.
"सोडलेत."
"सगळे?"
"सगळे."
शेठनं चष्म्यावरून बघितलं, मग पोराला हाक मारली,
ए गोविंद, ताईला तूप दाखव, घरचंय.

तूप यादीत नव्हतं.
यादीत नसलेलं कुणी बोललं
की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात.
"पुढच्या वेळी," मी म्हटलं.
आधी मी "नको" म्हणायचे.

पोहे. गूळ. करडीचं तेल.
तूरडाळ, जी माझ्याशी कधी भांडली नाही.
आणि अर्धा किलो शेंगदाणे.

यांच्याशी वैर जुनं आहे.
बारावीत, मध्यरात्री, ओट्यापाशी दिवा न लावता...
जाऊ दे.
मॅडमना सांगितलंय. इथं नाही सांगणार.

काट्यावर लाल आकडे पळायला लागले.
मी नजर रद्दीच्या कागदावर रोवली:
मानवतला कापसाची आवक, पुढचं फाटलेलं.
आकडे कुठं थांबले ते मी पाहिलं नाही.
शेठनं पुडा उतरवला,
दोरा बांधायच्या आधी पोत्यात हात घातला
आणि एक मूठ टाकली,
तशीच, न बघता.

"शेठ, जास्त झाले."
"ती वरची मूठ हाय ताई. ती मापात धरत नसतेत."

रिक्षात पिशवी मांडीवर.
पुडा कोमट, पोतं दारातल्या उन्हात होतं म्हणून.
त्यातली ती मूठ कोणती, आता ओळखू येत नाही.
घरी गेल्यावर भाजेन. कूट करेन बहुतेक.
किंवा आज नुसती बरणी भरेन,
आणि झाकण लावून स्वयंपाकघरातून निघून जाईन.

"ताई, सुट्टे बघा."
पिशवीत हात घातला तर दोन दाणे बोटांना लागले,
दोरा सैल होता.
पहिला खवट निघाला.
दुसरा बरा होता.