सरळ करा

शाळेत लॅपटॉप आले तेव्हा मी पियानोचं झाकण लावून घेतलं,
पाहुणे आल्यावर आतलं दार लोटतात तसं.
निवृत्तीला दोन वर्षं होती. म्हटलं, ढकलू.
बावीस मुलं कानांवर हेडफोन चढवून बसली
आणि खोलीत फक्त पंखा.
संगीताच्या तासाला एवढी शांतता
मला तीस वर्षांत एकदाही मिळाली नव्हती.

फिओरेला पाचवीतली. समोरचा दात अर्धा तुटलेला.
रविवारी तिच्या गल्लीत, मोंतेविदेओच्या पालेर्मोत,
माणसं रस्त्याच्या कडेला जाळ करतात
आणि ढोलांची तोंडं त्याच्याकडे करून ठेवतात.
कातडं तापतं, ताणतं, आवाज वर चढतो.
मग ढोल खांद्याला अडकवून सगळे चालू लागतात.
तिनं मामाचा ढोल फोनमध्ये पकडून आणला होता.
सगळ्यात लहान, चिको,
रस्ता संपेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहणारा.
मागे कुत्रं, आणि कुणीतरी बर्फ मागतंय.

पडद्यावर त्याचे ठोके मुंग्यांसारखे दिसत होते.
उभ्या रेघा आखलेल्या,
आणि बहुतेक मुंग्या रेघेच्या अल्याड नाहीतर पल्याड.
मीच म्हटलं, ते बटण दाब.
"सरळ करा" असं होतं त्यावर.
इतक्या नव्या वस्तूत तेवढंच मला ओळखीचं वाटलं.
तिनं दाबलं.
मुंग्या टुणकन रेघांवर,
राष्ट्रगीताला उभ्या.

बुधवारी मामा तिला न्यायला आला,
वॉशिंग्टन, बस चालवतो, गणवेशातच होता.
एका कानाला हेडफोन धरून ऐकलं.
"छान आहे," म्हणाला. सभ्य माणूस.
मग म्हणाला, "वाजवतंय कोण?"
"तू."
"मी नाही. याला गुडघे नाहीत."

फिओरेलानं केलेलं सगळं मागे घेतलं.
चित्र मोठं करत गेली, करत गेली,
एक ठोका डोंगराएवढा होईपर्यंत.
वहीत लिहीत होती, सेकंदाचे हजार तुकडे करून:
तेवीस मागे. अकरा पुढे. तेवीस मागे.
आठ मिनिटं तो चालत होता, घामात, गर्दीत,
आणि आकडे जवळपास तेच.
चूक इतकी नेटकी नसते.
चुकणारा माणूस दर वेळी वेगळीकडे चुकतो,
हे मला माहीत असायला हवं होतं.

मग तिनं यंत्राच्या रेघा एकेक धरून सरकवल्या,
मामाच्या पावलांखाली नेऊन ठेवल्या.
त्यावर स्वतःचं काहीबाही रचलं:
फ्रीजची घरघर, बसच्या दाराचा उसासा,
तुटक्या दातातून येणारी शीळ.
ऐकवलं तेव्हा बाकांखाली चव्वेचाळीस पाय हलत होते.
माझे धरले तर सेहेचाळीस.

घरी माझ्याकडे लाकडी मेट्रोनोम आहे.
त्या रात्री किल्ली दिली आणि नुसती बघत बसले.
डावीकडे, उजवीकडे.
आयुष्यभर तो मान हलवून
नाही, नाही, नाही, म्हणत आलाय
आणि मी त्याला होकार समजले.
कपाटात जुन्या गुणपत्रिकांच्या प्रती होत्या,
आन्सिना गल्लीतून येणाऱ्या पोरांच्या नावापुढे
माझं वळणदार अक्षर: ताल कच्चा. ताल कच्चा.
एकानं मला विचारलंही होतं, कुणाचा?
मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं.

रविवारी गेले.
नदीवरून दमट वारा, लाकडं ओली, जाळ धरत नव्हता.
वॉशिंग्टननं इकडेतिकडे पाहिलं, कागद आहे का कुणाकडे?
माझ्या पिशवीत होते.
मुद्दाम आणले होते की काय, ते विचारू नका.
ओळी आधी तपकिरी झाल्या, मग उलगडल्या.
फिओरेला फोन धरून जाळाचा आवाज घेत होती,
मला हातानंच म्हणाली, बोलू नका.
त्यानं कातड्यावर एक बोट आपटलं, कान लावला.
"अजून नाही," म्हणाला.
"आणखी आहेत का?"