अर्धं सूत

उद्यमनगरात छत्तीस वर्षं लेथवर उभा होतो.
तिथं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा,
अर्धं सूत चुकलं की जॉब भंगारात.
आता घरात बसून सूत ओवतो सुईत,
ते एका फटक्यात जात नाही.
चष्मा कपाळावर, दोरा ओठांत, तोंड वाकडं.
मालन म्हणते, लग्नाच्या फोटोतबी हेच तोंड हाय तुमचं.

तीन गोधड्या सुरू आहेत.

पहिली गांधीनगरच्या तुकड्यांची,
किलोवर घेतलेलं इचलकरंजीचं शर्टिंग:
राखी, निळा, राखी, परत निळा.
सरळ पट्ट्या, सरळ धावदोरा,
बँकेतल्या मॅनेजरासारखी गोधडी, कुठं चूक नाही
आणि हात लावावासा वाटत नाही.
दीड हात शिवून ठेवून दिलीय.

दुसरी माझ्याच डांगरीची.
खाकी, जाड, दाभणाशिवाय ऐकत नाही.
गुडघ्याशी तेलाचे डाग, धुऊन धुऊन तपकिरी,
आणि खिशाच्या शिवणीत अजून
पितळेचा बारीक कीस.
बोटात घुसला तेव्हा ओळख पटली.
तो खिसा उसवला नाही, तसाच चौकोनात घेतला.
थंडीत कुणाला तरी हात घालायला होईल.

तिसरीनं मात्र अब्रू घालवली.
शाहूपुरीतल्या दस्तगीर मुजावरनं फेट्याचं उरलेलं कापड दिलं,
लालभडक, “पक्का रंग हाय मिस्त्री, आयच्यान.”
पांढऱ्या मांजरपाटाशेजारी लावलं, एक आड एक.
चार महिने त्यात गेले.
नुसता वरचा थर झाला होता, धुऊन बघू म्हटलं,
तर सगळा लाल उतरून पांढऱ्यावर.
मालन बादलीत बघत राहिली, मग म्हणाली,
तांबडा-पांढरा एकाच वाटीत वाढलासा की.
हसलो. रात्री झोप आली नाही.
सकाळी दोरीवर बघितलं तर गुलाबी झाला होता,
कण्हेरीच्या फुलासारखा.
असा रंग मागून कुठल्या दुकानात मिळाला नसता.
पण दस्तगीरला शिव्या देऊन झाल्या होत्या,
त्या परत घेता येईनात.

चौथी मोजत नाही.
तिच्याबद्दल घरात बोलायचं नाही.

प्रणोतीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली.
पाळण्याच्या मापाची होती ती,
जुन्या सुती लुगड्यांची, मऊ,
कडेला पिवळी पट्टी.
गल्लीतल्या सोनाबाई कुरण्यांनी शिकवलेलं,
गोधडीचं पोट उपाशी ठेवायचं नाही,
मधल्या थरात भाकरीएवढा एक तुकडा घालायचा.
घातला. शिवली. पेटीत तळाशी ठेवली.
दरवर्षी एकदा ऊन दाखवतो,
मालन देवळात गेली की.

दिवाळीला पोरगी आली.
दुपारी पांघरूण शोधताना पेटी उघडली तिनं.
“कुणाची, बाबा?”
माप चुकलं, म्हणालो.
छत्तीस वर्षांत हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं.
तिनं बराच वेळ उलटी धरून टाके बघितले,
मग पायांवर घेतली आणि झोपली.
उठल्यावर म्हणाली, ऊब चांगली आहे,
फक्त गुडघ्याच्या वर येत नाही.
चारी बाजूंनी वाढवून दे.

आता तीच हातात आहे,
बाकीच्या तिन्ही पलंगाखाली.
पहिल्या फेरीला हिरवा खण लावला,
लुगड्यांशी भांडायला लागला, उसवला.
मग कण्हेरी गुलाबी लावला, तो बसला.
जुनी पिवळी पट्टी कडेची होती, ती आता मध्ये आलीय
आणि नव्या कापडाशी कोपऱ्यात जुळत नाही.
स्टीलची फूटपट्टी ठेवून मोजलं.
अर्धं सूत.

उसवायला कात्री उचलली.
मालन समोर लसूण सोलत बसली होती,
मान वर न करता म्हणाली, ऱ्हाऊ दे.

शेवटच्या फेरीला पिवळा कमी पडणार.
उद्या महाद्वार रोडला जाऊन बघतो,
हळदीचा नको, फिका,
ताकावर लोणी येताना दिसतो तसला.