महजर

त्या दिवशी मी दूध घालायला निघालेलो,
हँडलला दोन किटल्या, राकसकोपचा रस्ता, साडेपाच.
जीप बांधाला लागून उभी होती.
"बारो इल्ली," फौजदार म्हणाला.
मी सायकल लावली. तेवढ्यावर पंच झालो.

भरमा हुंदऱ्याच्या रताळ्याचे अकरा वरंबे
ट्रॅक्टरनं आडवे फोडलेले.
लाल साल कुठं कुठं दिसत होती, सोललेल्या कोपरासारखी.
येल्लूबाई बांधावर, उजवा पंजा पदरात गुंडाळून.
पदराचा रंग मला आठवत नाही. ओला होता.

ओमाण्णा गोरलाचा पोरगा पहाणीपत्रक उघडून उभा:
"नवव्या रकान्यात आमचं नाव हाय."
भरमा म्हणाला, "बाराव्यात बघ की रे. कसतंय कोण?"
फौजदारानं दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं
आणि खिशातून पेन काढलं.

खुरपं मातीसकट कापडात शिवलं, वर लाख.
मुद्देमाल नंबर एक.
महजर वाचून दाखवला, भराभर, कन्नडमध्ये.
बोललेलं मला कळतं. वाचलेलं निम्मं.
खाली मी मराठीत सही केली,
एक आडवी रेघ, आणि तिला लोंबलेलं माझं नाव.

संध्याकाळी गोरलांनीही फिर्याद दिली.
कलम तेच, चारशे सत्तेचाळीस:
दुसऱ्याच्या रानात शिरणं.
एकाच चौदा गुंठ्यांत आता
दोघंही परक्याच्या रानात शिरलेले.
तहसीलदारानं मग कुणीच शिरायचं नाही म्हणून लिहिलं.

कागद वेलाला कोण दाखवणार?
रताळ्याचा वेल तुटला तर पडेल तिथं मूळ धरतो.
माघापर्यंत त्यानं वरंबे झाकले,
बांध झाकला, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या झाकल्या.
रानडुकरं यायची. त्यांच्यावर केस नाही.

आणि एक गोष्ट जबानीत नाही.
शिवरातीच्या आदल्या रात्री आईला उपासाला काही नव्हतं.
मी गेलो. बॅटरी लावली नाही.
हातानंच उकरली, तीन.
एक नखात मोडलं, त्याचा चीक दोन दिवस निघाला नाही.

नऊ वर्षांनी समन्स आलं.
ओमाण्णा वारलेला, कागदावर त्याच्या नावासमोर
'मयत', लाल शाईत.
येल्लूबाईची तीन बोटं मिटत नाहीत,
पिशवी तिनं मनगटात अडकवलेली.
खुरप्याची शिवण उसवली
तेव्हा टेबलावर माती सांडली, वाळून भुगा झालेली.
त्या रानातलं एवढंच कोर्टापर्यंत पोचलं होतं.
शिरस्तेदारानं ते तळव्यानं झटकलं
आणि तळवा पँटला पुसला.

वकील म्हणाले, त्या दिवशी ताबा कुणाचा होता?
मला वेल दिसले. डुकरांचे खूर दिसले.
माझी दहा बोटं दिसली.
मी म्हणालो, "सायब, मी रस्त्यावर होतो."
दुभाष्यानं तेवढंच कन्नडमध्ये केलं,
तेवढंच टाईप झालं.
सरकारी वकिलांनी मान खाली घालूनच सांगितलं: फितूर.

बाहेर नळापाशी येल्लूबाई
डाव्या हातानं पाणी पीत होती.
"दूध घालूलालास काय अजून?"
होय, म्हटलं.
"त्याच वाटेनं?"
नाही. दुसऱ्या. अर्धा तास लांब पडतं.
तिनं तोंड पुसलं, पिशवी मनगटावर वर सरकवली.
"त्या शिवरातीला तू तीन काढलास.
मी पलीकडल्या सरीत बसल्तो.
माझी पाच झाल्ती."

मग भरमाची हाक आली, एस्टी लागली होती.
जाता जाता ती वळली,
"गोड होती काय रे?"