एकेचाळीस नंबरची काच

कुताइसीत त्या दिवशी वीज गेली ती परीक्षेच्या ऐन मध्यात.
त्सिआलाबाई जागच्या हलल्या नाहीत.
एवढंच म्हणाल्या, जुने काढा.

कपाटातून निघाले आरशाचे सूक्ष्मदर्शक,
काळे, शिवणयंत्रासारखे जड,
आणि आम्ही अठरा जण खिडक्यांना चिकटलो
रिओनीवरून येणारा मळकट उजेड
आरशात धरायला.

ढग आला की थांबायचं.
ढग सरकला की घाईघाईनं ओळखायचं:
त्वचेचा काठ. तळाशी दाटीवाटीनं उभ्या पेशी,
वर जाता जाता चपट्या, दमलेल्या,
शेवटी नुसता पापुद्रा.
कूर्चेतल्या जोडीजोडीनं बसलेल्या, आपापल्या कोनाड्यात.
हाड सोपं, कापलेल्या बुंध्यासारखी वलयं.
हृदयाचे धागे फाटे फोडतात, म्हणून सापडतात.
कंडरा आणि आतड्याचा स्नायू मात्र
भल्याभल्यांना गंडवतात.
"केंद्रकं धाग्याच्या आत आहेत
की दोन धाग्यांच्या मध्ये चेंगरलीत, ते बघा,"
बाई दर वर्षी सांगत,
आणि दर वर्षी निम्मा वर्ग चुकत असे.

सप्टेंबर सरत आलेला.
आमची बोटं अक्रोडाच्या हिरव्या सालीनं काळी,
त्यांची जांभळी, बारा महिने.
हाही झाडाचाच रंग, त्या म्हणत,
लाकूड उकळून काढलेला.
लग्नातही गेला नाही.

एकेचाळीस नंबर.
जाळी. बारीक गुलाबी भिंती, मध्ये काहीच नाही.
कुठे कुठे कडेला ढकललेलं एखादं केंद्रक.
मी लिहिलं, फुप्फुस.
ओतियानं माझं बघून लिहिलं, फुप्फुस.

"चरबी," बाई म्हणाल्या.
पेपर हातात न घेताच.
"फुप्फुसात हवा होती. ती आपली आपण गेली.
इथं भरलेलं होतं, काठोकाठ.
आम्हीच धुऊन काढलं,
आधी अल्कोहोलनं, मग झायलीननं,
नाहीतर मेण आत शिरत नाही, काप निघत नाही.
दिसायला दोन्ही सारखंच रिकामं.
म्हणून भिंती वाचायच्या."

कुणाची आहे, ओतियानं विचारलं.
काचेच्या टोकाला पिवळी चिठ्ठी,
शाई उडालेली, फक्त साल वाचता येत होतं,
आमच्या जन्माआधीचं.
"असेल कुणी," बाई म्हणाल्या,
"चार घास बरे जेवणारी."
मग बराच वेळ आरसा पुसत राहिल्या,
आधीच स्वच्छ असलेला.

माझी आई तेव्हा सातव्या वर्षी थेसालोनिकीत होती,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांना
आंघोळ घालायला, भरवायला.
दर महिन्याला पैसे येत, फीचे आणि थोडे वर.
तिच्या खोलीत मावशीनं हेझलनट वाळत घातले होते,
पलंग भिंतीला उभा करून.

संध्याकाळी वीज आली
तेव्हा घरातले राहिलेले दिवे एकदम लागले.
त्या खोलीतलाही,
सकाळी कशाला तरी गेले होते मी, बंद करायचा विसरले होते.
बटणाकडे हात नेला
आणि तशीच उभी राहिले दारात,
भिंती बघत.