खंड सदतीस, पान दोनशे चार

तळघराला खिडकी नाही. वर डाकोटाचा वारा
झेंड्याची दोरी खांबावर आपटत असतो दिवसभर,
खाली मी, दस्तांची कपाटं, आणि बोटांना
एकोणीसशे चौतीसची धूळ.

कॉर्बिन आणि मारिसोल. हातात प्लास्टिकची फाईल.
एकशे साठ एकर, एक विहीर, एक मोडकं खुराडं.
बँकेनं विचारलंय म्हणे :
खाली काय आहे, आणि कुणाचं?

जमिनीला पापुद्रे असतात, मी म्हटलं.
गवत तुमचं, गव्हाची मुळं तुमची, बिळातल्या खारी तुमच्या.
तेल, वायू, कोळसा 'आणि इतर सर्व खनिजे' मात्र...
या शब्दांत काय काय मावतं
ते अजून वकिलांनाही नक्की ठाऊक नाही.

"आणि त्याला खाली जायचं असलं तर?"
तर तुमच्याच दारातून जाईल.
आधी नोटीस, मग रस्ता, मग ट्रक.
कॉर्बिन हसला. त्याला वाटलं, थट्टा करते आहे बाई.

मग मी सदतिसावा खंड काढला.
टर्गेर स्टेनरूद. तीन वर्षं पाऊस नाही,
जमीन बँकेला दिली, खालचं अर्धं राखून.
बँकेचा माणूस म्हणाला होता,
ठेव की, अंधारच तर आहे.
तसं लिहिलं गेलं.
आणि लिहिलेलं, इथे, मरत नाही;
ते वारसांकडे जातं :
बायको, मुलगा,
मुलाची मुलगी.

मारिसोलचं बोट यादीवरून उतरत आलं,
शेवटच्या नावावर थांबलं,
आणि तिनं वर माझ्या छातीवरच्या
बिल्ल्याकडे पाहिलं.

काय सांगणार? की माझ्या मालकीवर
मला उभंसुद्धा राहता येत नाही?
की वर्षातून एकदा कुंपणाबाहेर गाडी लावून
मी दुसऱ्याच्या गव्हाकडे बघत बसते,
दोन मैल खालच्या माझ्या काळोखाचा
वरून काही आवाज येतो का ऐकत?

"काय असतं हो तिथे?"
जुना समुद्र, मी म्हटलं. पानाचे दोन डॉलर.

तिनं सुटे मोजले. जिन्यापाशी जाऊन परत आली.
"आम्ही कोंबड्या पाळल्या
तर चालेल ना तुम्हाला?"

किती खोल उकरतात, मी विचारलं.