आकस

वडील उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
सागवानाचा पंप, सागवानाची कप्पी.
त्यांच्याभोवती शिरोलीचे भट्टीवाले वाळू ठोकायचे
आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओतायचे.
वडिलांकडं एक पट्टी होती, मुद्दाम खोटी.
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून केसभर लांब.
म्हणायचे, लोखंड निवताना आकसतंय,
तेवढा आकस सोडायचा, मग माप बरोबर येतंय.

त्याच टेबलावर मी आता माणसं काढतो.
गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं,
मीटिंग कधी घ्यायची यासाठी मीटिंग घेणारी.
हिंजवडीत साडेतीन वर्षं मी त्यांच्यातच होतो,
तेवढा कच्चा माल अजून पुरतोय.
एकशे त्रेचाळीस लोक महिन्याला काहीबाही पाठवतात,
कुणी पन्नास, कुणी शंभर.
साहेब एकही नाही,
किंवा एकशे त्रेचाळीस आहेत.
उत्तर मंगळवारी एक येतं, गुरुवारी दुसरं.
आई विचारते, यात हसायचं कुठं?
मी समजावून सांगतो.
सांगून झालं की खरंच कुठंच नसतं.

रघूमामा मात्र एकदा हसला.
त्यानं जन्मभर शाहूपुरीत गुळाची अडत केली,
रुमालाखाली बोटं दाबून सौदे.
मी काढलं होतं: एक बाई पासवर्ड विसरलीय,
संगणक तिला तिच्या पहिल्या मांजराचं नाव विचारतोय,
आणि मांजर शेजारीच बसलंय, सांगत नाहीय.
मामा म्हणाला, आमचा पासवर्ड दर सौद्याला बदलायचा.
इसरला म्हणून कुणी मांजर न्हाई गाठलं.

मार्गशीर्षात बंगळूरहून एका कंपनीचा फोन आला.
बारा चित्रं, बारा महिने, भिंतीवरचं कॅलेंडर.
आकडा असा की मी तो दोनदा वाचला,
तिसऱ्यांदा आईकडून वाचून घेतला.
अकरा पसंत पडली.
सप्टेंबर नको म्हणाले.
सप्टेंबरात एक यंत्रमानव
कामावरून काढलेल्या माणसाला
निरोपाचा केक भरवत होता, एका हातानं.
दुसऱ्या हातानं त्याची खुर्ची ओढत होता.
"यात जरा आकस वाटतो," त्यांची बाई गोड आवाजात म्हणाली.
मी म्हटलं, सोडलाय की, मापानंच सोडलाय.
तिला कळलं नाही.
मलाही मी काय बोललो ते
रात्री निब धुताना कळलं.

पैसे अकराचेच आले.
सप्टेंबर त्यांनी यंत्राकडून काढून घेतला.
रेघ माझीच. म्हणजे माझी, पण इस्त्री केलेली.
गळ्यात ओळखपत्र घातलेली एक म्हैस, हसरी.

गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
ते चित्र मी सुबराव गवळ्याला दाखवलं.
त्यानं फोन दिव्याखाली धरला,
ओठ हलवत मोजलं.
"सहा सडं हाईत.
तीन हातांचा गवळीबी काढून द्या म्हणावं."
आणि धार काढता काढता इतका हसला
की फेस ग्लासाबाहेर गेला.

मी पैसे स्कॅन केले.
खांबावरची पेटी ओरडली, चाळीस रुपये प्राप्त झाले.
म्हशीनं कान हलवला.
सुबराव म्हणाला, पयल्यांदा ही पेटी आणली
तवा आवाजाला बुजून पान्हा चोरायची.
आता उलटं झालंय.
पेटी बोलल्याबिगर सोडतच न्हाई.
गिऱ्हाईक नसलं की मीच माझ्या खात्यातनं
एक रुपया धाडतो.

घरी येऊन म्हैस काढली. सडं चार.
पेटी काढली, खांब काढला,
स्वतःलाच रुपया धाडणारा सुबराव काढला.
मग सवयीनं वडिलांची पट्टी घेतली
आणि कागदावर इकडून तिकडून लावून बघितली.
कुठं वाढवावं सुचेना.

आईला दाखवलं.
तिनं चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं.
म्हणाली, यात हसायचं कुठं?
हे तर खरंच आहे की.